लोखंडी बोंडाखालची पाटी

परभणीला निघाले तेव्हा पुण्यातल्या तिघांनी मला एकच विनोद ऐकवला, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ तिघांपैकी एकानेही परभणी पाहिलेली नव्हती. मीही पाहिली नव्हती, म्हणून तिन्ही वेळा हसले. परत येऊन आता दीडेक महिना झाला. कोणी ‘कसं होतं गं तिकडे?’ असं विचारलं की माझा आवाज चढतो आणि विचारणारा घाईने विषय बदलतो. तेव्हा एकदा लिहूनच काढते. ज्यांना विषय बदलायचा असेल त्यांनी पान उलटावं.

मी धातूची शिल्पं करते. शेंगा, बिया, मुळं, झाडाच्या सालीवरच्या गाठी पाहायच्या आणि पत्र्यात, सळईत उभ्या करायच्या, हे माझं वीस वर्षांचं काम. परभणीकडच्या मानवत तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी फोन करून नव्या इमारतीपुढे कापसाचं बोंड मागितलं. ‘आपला भाग कापसाचा, मॅडम. एसटीतल्या माणसानं मान वळवून बघितलं पाहिजे,’ असं म्हणाले. कल्पना मला आवडली. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर आणखी एका ठिकाणी नाव झळकल्याचा त्यांना आनंदच होईल.

मानवत रोड

स्टेशनवर सकाळी उतरले तर संस्थेची जीप उभी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात पांढरा कापूस आणि मध्येच तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्याच्या ओळी. झाडाला लागलेलं बोंड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, तेही जीपच्या काचेतून, आणि माझ्या पिशवीत बोंडाचं रेखाटन तयार होतं. या प्रवासातला पहिला राग मला माझाच यायला हवा होता. तो फार उशिरा आला.

अध्यक्ष साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, बोलायला गोड. ‘हा गौतम,’ त्यांनी दाराकडे हात केला. ‘आपल्या भागातला एक नंबर वेल्डर. तुमच्या हाताखाली देतो.’ पाना-पक्कड द्यावी तसं ते ‘देतो’ म्हणाले. गौतम चाळिशीचा, सडपातळ, भुवयांवर ठिणग्यांचे बारीक डाग असलेला. तो बाहेर पायरीवर बसला होता. मला कपबशीतून चहा आला, त्याला कागदी कपातून. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, बाहेर बसलाय म्हणून कागदी कप असेल. तो बाहेर का बसला, हा प्रश्न मला पडला नाही.

माझं रेखाटन अध्यक्षांना फार आवडलं. फुगलेला, ढगासारखा पांढरा कापूस, खाली नाजूक हिरवी बैठक. गौतमने दारातूनच मान लांब करून पाहिलं. वर्कशॉपकडे जाताना मी विचारलं, ‘कसं वाटलं?’

‘चांगलं हाय मॅडम.’

‘खरं सांगा.’

‘ह्ये आइस्क्रीम हाय,’ तो म्हणाला. ‘राग मानू नका. आमच्या मायला दावू का?’

गौतमच्या मायबरोबर रानात

त्याची माय दुसऱ्याच्या रानात वेचणीला होती. सत्तरीकडे झुकलेली बाई, कमरेला वेचलेल्या कापसाची झोळी, डोक्यावर पदर घट्ट. तिने माझा कागद उलटा धरला, सुलटा धरला.

‘बाई, ह्येला टोकं कुठं हायेत?’

‘कसली टोकं?’

तिने हाताला धरून मला ओळीत उभं केलं आणि म्हणाली, ‘येच की कापूस.’ मी पहिल्या बोंडाला हात घातला. कापूस मऊ होता, पण त्याला धरून ठेवणाऱ्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी. पाच बोंडांत माझ्या नखांच्या कडा ओरबाडल्या गेल्या, दहाव्याला रक्त आलं. बाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मायने आपली बोटं माझ्यापुढे धरली. पेरांवर बारीक काळ्या रेघाच रेघा होत्या, जुन्या भिंतीवरच्या भेगांसारख्या.

‘टोचलं का? मंग त्ये दाव की. मऊ मऊ समदेच दावतेत.’

मी तिच्या मागच्या ओळीत गेले. तिथला कापूस वेचून झाला होता आणि झाडावर नुसती रिकामी बोंडं उरली होती. पाच पाकळ्या मागे वळलेल्या, टोकदार, बाहेरून मातीच्या रंगाच्या आणि आतून गुळगुळीत, शिंपल्यासारख्या उजळ. एक तोडून तळहातावर ठेवलं. वीस वर्षांत इतका नेमका आकार मी पाहिला नव्हता. माझा कागद घडी करून पिशवीत टाकला, तो अजून तिथेच आहे.

दुपारी बांधावर जेवायला बसलो. मायने फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तव्यावरचा ठेचा. भाकरी माझ्यापुढे धरली आणि हात तसाच थांबवून तिने विचारलं, ‘आमच्यातलं चालतंय ना बाई?’

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, ‘म्हणजे?’ आणि म्हणता म्हणता ती पायरी आठवली, तो कागदी कप आठवला. गौतम दुसरीकडे पाहत होता. मी भाकरी घेतली. त्या जेवणाची चव सांगायची तर सांगता येईल, अंबाडी आंबट होती आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. पण त्या दुपारी मी जे गिळलं ते वेगळंच होतं. पुण्यात आम्ही असल्या गोष्टींबद्दल ‘अजूनही खेड्यात चालतं म्हणे’ असं बोलतो. सोसायटीत कोणाला घर भाड्याने द्यायचं यावरची कुजबुज मात्र त्यात धरत नाही.

गौतमचं वर्कशॉप

वर्कशॉप म्हणजे रस्त्याकडेला चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली कामाचं टेबल. अडचण आकाराची होती. बोंडाची पाकळी दोन्ही अंगांनी वळलेली असते, उभीही आणि आडवीही. सपाट पत्रा तसा वळवायचा तर महिनाभर तापवून ठोकत बसावं लागलं असतं, आणि माझ्याकडे तीन आठवडे होते. मी दोन दिवस पत्रा ठोकला. जे झालं ते चेपलेल्या पातेल्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी गौतम मला भंगारवाल्याकडे घेऊन गेला. तिथे एक जुनी, मोठी लोखंडी टाकी आडवी पडली होती. तिच्या दोन्ही टोकांची झाकणं घुमटासारखी फुगीर.

‘ह्ये झाकण पपईसारखं कापायचं. पाच फोडी. वळण आयतंच हाय.’

मी अक्षरशः उडी मारली. टाकी वर्कशॉपवर आणली, मी खडूने फोडी आखल्या, गॅसकटर पेटवला आणि टाकीला लावणार तोच गौतम ओरडला, ‘ताई, सरका मागं!’ त्याने माझा हात हिसकून बाजूला केला आणि सिलिंडरची चावी बंद केली. तो पहिल्यांदाच मला ताई म्हणाला.

‘ह्यात डिझेल व्हतं. टाकी रिकामी दिसती, पण आत वाफ ऱ्हाती. माझ्या उस्तादाचे डोळे असेच गेले.’

मी वीस वर्षं कटर चालवते आहे. मला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, पण उत्साहाच्या भरात विसरले. त्याने टाकी सोड्याने दोनदा धुतली, उभी करून झाकणाच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरलं, एक दिवस उघडी ठेवली आणि मगच कापली. मी चहा केला. तेवढंच त्या दिवशी माझ्याकडून नीट झालं.

मग मात्र काम धावलं. फोडींना वरून टोकं जोडली, तापवून मागे वळवली. वळण किती द्यायचं यावर आम्ही भांडलो. मी खिशातलं बोंड काढून मोजायची, तो म्हणायचा, ‘एकाच बोंडाचं माप नका धरू, दहा बगा.’ बाहेरची बाजू गंजू द्यायची हे माझं. आतली बाजू घासून चकचकीत करायची आणि वेल्डिंगच्या बारीक धारेने तिच्यावर शिरा ओढायच्या हे त्याचं. त्याच्या हातातून ती धार अशी निघत होती की मी माझा वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवून पाहत उभी राहिले. माणसाच्या दीडपट उंचीचं रिकामं बोंड उभं राहिलं तेव्हा मायने येऊन एका टोकावर तळहात दाबला आणि ‘हां,’ म्हणाली.

अध्यक्ष आले आणि त्यांचा चेहरा पडला. ‘कापूस कुठंय?’

‘बाजारात गेला. हे रानात राहिलं,’ मी म्हटलं.

‘रिकामं बरं दिसतं का दारात? वर पांढरा रंग मारू, आत लाइट सोडू.’ मी हो म्हटलं नाही. त्यांनी फोटो काढून उद्‌घाटनाला येणाऱ्या बड्या पाहुण्यांच्या माणसाला पाठवला. तिकडून ‘मॉडर्न आहे, साहेबांना आवडेल’ असा निरोप आला आणि अध्यक्षांनाही ते लगेच आवडलं.

येलदरी

बोंड तयार झालं, पण ते बसवायचा चबुतरा ओला होता. ठेकेदार अध्यक्षांचा भाचा, त्याने काम आठ दिवस उशिरा सुरू केलं होतं. दोन दिवस हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा चला धरण दाखवतो, म्हणून गौतमने मला मोटरसायकलवर येलदरीला नेलं. त्याची बहीण तिथे राहते. जिंतूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि तासभर उन्हात ती ढकलत न्यावी लागली. मी पुण्याच्या सवयीने वैतागले. गौतम म्हणाला, ‘ताई, ढकलायलोय मी, दमायलात तुमी.’

धरणाचं पाणी खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या काठावर जुन्या झाडांची मुळं जमिनीला बोटं रुतवून उभी होती. बहिणीच्या घरी धरणातले मासे तळलेले होते, सोबत भाकरी आणि भरपूर कांदा. मी काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत होते, सवयच ती. बहीण हसली, ‘दादाबी असंच करतोय.’

मग ती म्हणाली, ‘दादानं केलेलं गेट दावलं का न्हाई?’ गौतमने नको नको केलं, पण ती मला विहारापर्यंत घेऊनच गेली. छोटा विहार, पुढे लोखंडी गेट, गेटवर पिंपळाची पानं. मी आधी लांबून पाहिलं आणि पुष्कळ ठिकाणी असतात तशी छापाची पानं असतील असं वाटलं. जवळ गेले. एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाची शेपटी डावीकडे वळलेली, एकाला किड्याने खाल्लेलं भोक, एक अर्धं मिटलेलं, एक सुकून कडेला चुरगळलेलं. प्रत्येकावर शिरांची तीच बारीक धार.

‘किती दिवस लागले?’

‘एक पावसाळा. काम नव्हतं तव्हा. रोज झाडाखालची पानं आनायची, त्यातलं एक करायचं.’

‘यावर तुमचं नाव कुठे आहे?’

‘काऊन, कशाला? गावाला ठाऊक हाय की.’

येताना गाडीवर मागे बसून मनात एकच घोळत होतं. माझ्यासारख्यांची प्रदर्शनं भरतात, आमच्याबद्दल लेख येतात, आम्ही ‘निसर्गरूपांच्या शोधात’ वगैरे म्हणतो. आणि हा माणूस पावसाळाभर झाडाखाली बसून पान पाहतो, आणि त्याला ‘हाताखाली’ देतात.

पाटी

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी बोंड चबुतऱ्यावर बसवलं आणि दुपारी टेम्पोतून काळ्या ग्रॅनाइटची पाटी आली. सोनेरी अक्षरं. मी वाचली. वर बड्या पाहुण्यांचं नाव, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, सगळे संचालक, प्राचार्य, चबुतऱ्याचा ठेकेदार म्हणून भाचा, आणि तळाला ‘शिल्पकार’ म्हणून मी. अठरा नावं. मी पुन्हा वाचली. गौतम नव्हता.

अध्यक्षांच्या ऑफिसात गेले.

‘गौतमचं नाव राहिलं.’

‘राहिलं न्हाई मॅडम. वेल्डरचं नाव कोण टाकतं?’

‘चबुतऱ्याच्या ठेकेदाराचं टाकलंय. त्याचा चबुतरा कालपर्यंत ओला होता.’

ते हसले. त्यांना राग येत नव्हता, हे मला सहन होत नव्हतं. ‘तो ठेकेदार आहे, एजन्सी आहे. उद्या गवंडी म्हणेल माझं टाका, पाणी मारणारा म्हणेल माझं टाका.’

‘निम्मं शिल्प त्याचं आहे. आकार त्याचा, शिरा त्याच्या. तो नसता तर माझा हात जागेवर राहिला नसता.’

‘तुमचा मोठेपणा. पण मॅडम, तुम्ही उद्या पुण्याला जाणार. इथली माणसं, इथली रीत तुम्हाला कळायची न्हाई. काही नावं पाटीवर घातली की बाकीच्यांना चालत न्हाई.’

‘कोणती नावं?’

त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. कपबशीतला. मी उठले.

तशीच गौतमकडे गेले आणि सांगून टाकलं, ‘उद्या मी व्यासपीठावरून बोलणार.’

तो लिंबाखाली रॉड पुसत होता. ‘नका बोलू.’

‘का?’

‘पोरगी त्यांच्या कॉलेजात अकरावीला हाय. हॉस्टेलच्या गेटांचं काम मला देतो म्हनलेत. तुमी जाताल ताई. मला इथंच ऱ्हायचंय.’

‘मग हे असंच चालू द्यायचं?’

‘मी चालू द्या कुठं म्हनलं? उद्या नका बोलू, इतकंच म्हनायलोय.’

मी मान हलवली. त्याने ती मान हो म्हणून घेतली.

उद्‌घाटन

मांडव, सतरंज्या, गणवेशातल्या मुलामुलींच्या रांगा. बोंडावरचा पडदा सरकला आणि सकाळचं ऊन पाकळ्यांच्या आतल्या बाजूवर पडलं. खरंच एसटीतल्या माणसांनी माना वळवल्या. बड्या पाहुण्यांनी भाषणात बोंडाला ‘विकासाचं प्रतीक’ म्हटलं. भाच्याचा शाल घालून सत्कार झाला. त्या शालीने मी फुटले. माइक माझ्या हातात आल्यावर मी आभार वगैरे मानलेच नाहीत.

‘हे शिल्प दोघांनी केलंय,’ मी म्हटलं. ‘पाटीवर त्यातलं एकच नाव आहे. ओल्या चबुतऱ्याचं नाव आहे, शिल्प करणाऱ्याचं नाही.’ मग मी सगळं सांगितलं. टाकी, डिझेल, पाच फोडी, शिरा. येलदरीच्या गेटावरची पानं सांगितली. पायरीवरच्या कागदी कपाबद्दलही बोलले. ‘गौतम, वर या,’ म्हटलं.

साऱ्या मांडवाने माना मागे वळवल्या. तो अगदी शेवटी, बांबूला टेकून मायबरोबर उभा होता. तो आला नाही. जमिनीकडे पाहत राहिला. मुलींच्या रांगेत एका मुलीकडे शेजारणी वळून पाहू लागल्या आणि तिने मान खाली घातली. ती त्याची मुलगी असणार हे मला त्या क्षणी कळलं आणि तरीही मी आणखी दोन वाक्यं बोलले.

अध्यक्षांनी शांतपणे माइक घेतला. ‘मॅडम कलावंत आहेत. कलावंत हळवे असतात,’ ते हसत म्हणाले. ‘गौतमला आम्ही घरचाच मानतो. अन् घरच्या माणसाचं नाव कोणी पाटीवर घालतं का?’

टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्याला पडल्या नव्हत्या तेवढ्या. ते वाक्य मी आजवर शंभर वेळा मनात ऐकलं आहे, आणि दर वेळी दात आवळले जातात. त्या पाटीवर त्यांच्या घरची चार माणसं होती.

मांडवातून मी सरळ वर्कशॉपवर गेले. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं गौतम निदान ‘बरं झालं बोललात’ म्हणेल. तो होल्डरची वायर गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

‘तुमाला मी नको म्हनलं व्हतं.’

‘मला गप्प बसवेना गौतम. तुमच्यासाठीच—’

‘माझ्यासाठी न्हाई.’ त्याने वायर खाली टाकली. आता त्याचा आवाज चढला होता. ‘राग तुमाला आला व्हता. तुमचा राग तुमी माझ्या नावानं काडला. साहेबांनी मला न इचारता नाव गाळलं. तुमाला मी न्हाई म्हनलं, तरी तुमी ते माइकवर घेतलं. मला काय फरक पडला सांगा?’

मी पडलेली वायर उचलून टेबलावर ठेवली.

‘कागदी कपाचं तुमाला आता दिसलं. मी जलमापासून बगायलोय. कुठं बोलायचं, कव्हा बोलायचं, ह्ये मला ठरवू द्या की. पोरगी रडत घरी आली. अन् गेटाची पानं मी तुमाला दावली व्हती, माइकला न्हाई.’ मग तो हळू आवाजात म्हणाला, ‘पुण्यात तुमची लय कामं हायेत म्हनता. त्याच्यावर कोणाकोणाची नावं हायेत?’

मी पायाखालच्या मातीकडे पाहत उभी राहिले. वीस वर्षं. एकाही कामावर माझ्याशिवाय दुसरं नाव नाही. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नव्हतं.

माय आतून आली. तिने गौतमला ‘बस कर लेकरा, बाई उपाशी हाय,’ म्हटलं आणि माझ्या हातात दोन धपाटे आणि दह्याची वाटी दिली. मी लिंबाखाली बसून खाल्ले. गौतम समोर बसून पुन्हा वायर गुंडाळायला लागला. संध्याकाळच्या गाडीला त्याने मला स्टेशनवर सोडलं आणि गाडी आली तेव्हा बॅग वर चढवून दिली. ‘हात जपा,’ एवढंच म्हणाला.

पुणे

हॉस्टेलच्या गेटांचं काम परभणीच्या दुसऱ्या कोणाला तरी गेलं. मुलगी कॉलेजात जाते आहे, तिला अजून तरी कोणी काही म्हटलेलं नाही. पाटी तशीच आहे. अध्यक्षांचं मला आभाराचं पत्र आलं, त्यात ‘आपल्या परखड विचारांनी कार्यक्रमाला रंगत आली’ असं लिहिलं होतं. मी ते फाडलं. माझी चूक झाली म्हणून त्यांची चूक कमी होत नाही, हे मी स्वतःला रोज बजावते. मी चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाच्या जिवावर बोलले. पण जे बोलले त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यामुळे राग कुठे ठेवावा कळत नाही.

निदान आपल्या घरापासून तरी सुरुवात करावी म्हणून मी कारागिरांच्या नावांच्या पितळी पट्ट्या करायला घेतल्या. शहरात माझी तीन मोठी कामं आहेत. दोन ठिकाणच्या कारागिरांना फोन केले, नावं नीट विचारून घेतली, पट्टी लावली तर चालेल का हेही विचारलं. एकजण हो म्हणाला. दुसरा म्हणाला, आता कशाला, दहा वर्षांनी. त्याची पट्टी मी केली नाही.

तिसरं काम म्हणजे एका कंपनीच्या दारातली बहाव्याची शेंग, माझं सगळ्यात नावाजलेलं. ती ज्याच्याबरोबर केली त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तीन महिने रोज होते. त्याच्या डाव्या करंगळीचं नख काळं होतं, दुपारी तो रेडिओ लावायचा, माझ्यासाठी पंखा वळवून ठेवायचा. सगळं आठवतं. नाव आठवत नाही. जुन्या वहीत ‘वेल्डर, हडपसर’ एवढंच आहे. नंबर बंद. गेले तर शेडच्या जागी मोबाइलचं दुकान.

परवा न राहवून गौतमला फोन केला. मानवतहून आल्यापासूनचा पहिलाच. पोखर्णी गावातल्या एकाच्या जिन्याचं काम चालू आहे म्हणाला. मायची तब्येत सांगितली, गेटांचं आणि मुलीचंही तेव्हाच कळलं. मग मी त्याला शेंगेचं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, ‘गौतम, मला त्या माणसाचं नावच आठवत नाही.’

पलीकडे त्याने ग्राइंडर बंद केला.

‘मंग मला काय सांगायलात ताई?’ तो म्हणाला. ‘जावा, हुडका त्याला.’